रोजच्या प्रार्थनेची भाषा: फातिहा, कद्दिश आणि प्रभूची प्रार्थना शेजारी ठेवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात इस्लाम, ज्यू आणि ख्रिस्ती या तिन्ही धर्मांच्या रोजच्या प्रार्थना मुलांसमोर शेजारी शेजारी मांडायच्या आहेत. मुसलमान अरबीत प्रार्थना करतात, ज्यू हिब्रूत, मग ख्रिस्ती मराठीत का? आणि तिन्ही प्रार्थनांचे मराठी अनुवाद घेऊन तुलना केली तर चालेल का?

चालेल, पण नुसत्या अनुवादांवर थांबलात तर जे दाखवायचं तेच हातातून जाईल. मराठीत आणल्यावर तिन्ही प्रार्थना जवळपास एकसारख्या दिसतात: देव मोठा आहे, त्याचं नाव पवित्र आहे, आम्हाला वाट दाखव, आम्हाला क्षमा कर. मुलं म्हणतील, सगळं सारखंच आहे, आणि तास संपेल. खरा फरक या प्रश्नात आहे: प्रार्थनेतला कोणता भाग शब्दाला शब्द बांधलेला आहे आणि कोणता मोकळा? तिन्ही धर्मांत दोन्ही थर आहेत. त्यांच्यामधली रेघ मात्र प्रत्येकाने वेगळ्या जागी ओढली आहे.

त्याआधी एक गैरसमज बाजूला ठेवायला हवा, आणि तो आपल्याच मातीतला आहे. पैठणच्या एकनाथांनी प्राकृताची बाजू लढवली, त्यामुळे धर्मभाषा म्हटलं की आपल्याला लगेच संस्कृत विरुद्ध मराठी हा वाद आठवतो. मूठभरांनी कोंडून ठेवलेली भाषा एकीकडे, लोकांची भाषा दुसरीकडे. ही चौकट अरबीला जशीच्या तशी लावली की गणित चुकतं. अरबी कुणा एका वर्गाच्या ताब्यात नाही. गल्लीतल्या मकतबमध्ये, म्हणजे मुलांच्या धर्मशाळेत, पाच-सहा वर्षांचं पोर ‘नूरानी कायदा’ या अरबी बालबोध पुस्तिकेवरून अक्षरं गिरवतं, पुढे नाज़रा, म्हणजे बघून बघून कुराण वाचणं, पुरं करतं. मुलगी असो की मुलगा, शेतमजुराचं असो की डॉक्टरचं. वाचता बहुतेकांना येतं. अर्थ कळणारे थोडे असतात, हे खरं आहे. पण वाचायची बंदी आणि अर्थाची अडचण या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता नमाज. नमाजेत उभं राहणं, वाकणं, माथा टेकणं असा एक फेरा म्हणजे रकात. दिवसाच्या पाच नमाजांच्या फर्ज, म्हणजे सक्तीच्या, रकाती अशा: फजर २, जोहर ४, असर ४, मगरिब ३, इशा ४. एकूण १७. प्रत्येक रकातीत सूरह फातिहा, म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय, वाचायची रीत आहे. फजरच्या दोन्ही आणि मगरिब-इशाच्या पहिल्या दोन रकातींत इमाम मोठ्याने वाचतो, जोहर-असरला मनात. नमाजेच्या आतलं सगळं अरबी: कुराण तर आहेच, पण सना (सुरुवातीची स्तुती), अत्तहियात (बसून म्हणायचं वंदन), दरूदही (पैगंबरांसाठीची दुआ). कारण साधं आहे. कुराण स्वतःला अरबी कुराण म्हणवतं (१२:२), आणि मुसलमानांच्या श्रद्धेप्रमाणे ते शब्दांसकट उतरलेलं आहे. म्हणून अनुवादाला कुराणाचा अर्थ म्हणतात, कुराण म्हणत नाहीत. अर्थ वाचून ज्ञान मिळतं. नमाज होत नाही.

यावर वाद झालाच नाही असं मात्र मुलांना सांगू नका. ज्यांच्या नावाने हनफी पंथ चालतो, आणि मराठवाड्यातले बहुतेक मुसलमान ज्या पंथाचे आहेत, त्या इमाम अबू हनीफांचं (मृत्यू इ.स. ७६७) मूळ मत असं नोंदलेलं आहे की फारसीत वाचलं तरी नमाज होते. त्यांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद शैबानी यांनी ही सवलत फक्त अरबी अजिबात न येणाऱ्यापुरती ठेवली. खुद्द इमामांनीही पुढे हेच मत स्वीकारल्याचं हनफी परंपरा सांगते, आणि पंथात तेच टिकलं. विसाव्या शतकात तुर्कस्तानने १९३२ मध्ये अजान तुर्कीत द्यायला लावली. १९५० मध्ये अरबी अजान परत आली. इतर बदल तिथल्या समाजाने पचवले, हा पचला नाही.

मोकळा थर बघायचा तर नमाजेच्या कडेला बघा. मराठवाड्यात बरेच लोक उभं राहिल्यावर नियत, म्हणजे नमाजेचा संकल्प, उर्दूत पुटपुटतात: नियत करतो मी अमुक रकात फर्जची, तोंड माझं काबा शरीफकडे. नियत मनात असली तरी पुरते, त्यामुळे तिथे भाषेची सक्ती नाही. ‘अल्लाहु अकबर’ म्हटलं की अरबी सुरू होते, सलाम फिरवला की संपते. मग हात उचलून जी दुआ मागतात ती उर्दूत, दखनीत, कुणाच्या घरी मराठीतही. शुक्रवारी बहुतेक हनफी मशिदींत आधी उर्दू बयान, म्हणजे प्रवचन, होतं, नंतर खुतबा, म्हणजे नमाजेआधीचं ठरलेलं भाषण, अरबीत. म्हणजे एकाच अर्ध्या तासात दोन-तीन भाषा ऐकू येतात आणि प्रत्येकीची जागा ठरलेली असते. ‘मुसलमान फक्त अरबीत प्रार्थना करतात’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. ‘नमाज अरबीत, दुआ कुठल्याही भाषेत’ असं लिहा.

ज्यू परंपरेत कायदा एक सांगतो आणि रीत दुसरी, आणि हाच सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या जुन्या संग्रहाच्या सोटा या भागात (७:१) स्पष्ट यादी आहे: शमा म्हणजे “ऐक, इस्राएला” हे तोरातलं वचन, तेफिला म्हणजे उभ्याने म्हणायची मुख्य प्रार्थना, जेवणानंतरचे आशीर्वचन, हे कुठल्याही भाषेत म्हणता येतं. पुढच्याच कलमात केवळ हिब्रूतच म्हणायच्या गोष्टींची दुसरी यादी आहे. पुरोहितांचा आशीर्वाद त्यात येतो. म्हणजे परवानगी पहिल्या काही शतकांपासून लेखी आहे. तरीही जगभरच्या सिनेगॉगांत रोजची तीन वेळची प्रार्थना, सकाळी शाखरित, दुपारी मिन्हा, रात्री मआरिव्ह, मुख्यतः हिब्रूतच चालते. का? मध्ययुगीन ज्यू धर्मपंडित मायमोनिडीसने कारण नोंदवलं आहे. बाबिलच्या वनवासानंतर लोकांच्या तोंडी अनेक भाषांची भेसळ झाली, कुणाला नीट मागणंही मांडता येईना, म्हणून एज्रा आणि त्याच्या न्यायमंडळाने एकसारखे शब्द बांधून दिले. भाषा इथे विखुरलेल्यांना एकत्र धरून ठेवते. १८४५ मध्ये फ्रँकफर्टच्या रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, परिषदेत सुधारकांनी ‘हिब्रू अनिवार्य नाही’ असा कौल दिला, तेव्हा रब्बी झकारियास फ्रँकेल परिषद सोडून निघून गेले. कायद्याने ते सुधारक चूक नव्हते. फ्रँकेलांचा आक्षेप वेगळा होता: परवानगी आहे म्हणून सोडून द्यायचं का?

या हिब्रूच्या मधोमध एक अरामी प्रार्थना बसली आहे, कद्दिश. अरामी ही त्या काळची घरातली, बाजारातली भाषा. तालमूद या मिश्नावरच्या मोठ्या चर्चाग्रंथात असं वचन आहे की एकट्याने आपलं मागणं अरामीत मागू नये, देवदूतांना ती कळत नाही. तरी देवाच्या नावाचा गौरव सगळ्यांनी मिळून करायची प्रार्थना मात्र अरामीतच राहिली. कद्दिशसाठी मिनियान, म्हणजे किमान दहा प्रौढांची हजेरी, लागते. परंपरागत सिनेगॉगांत हे दहा पुरुष असतात. शोकात असलेले लोक ती म्हणतात म्हणून तिला मृतांची प्रार्थना समजतात. तिच्यात मृत्यूचा एक शब्दही नाही.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. बेने इस्राएल या इथल्या ज्यू समाजाची मायबोली मराठी. मूळ गावं कोकणात, रायगडात; त्यामुळे मराठवाड्यातल्या माणसाला सिनेगॉग बघायचं तर सहसा पुणे, मुंबई किंवा अलिबागची बाजू गाठावी लागते. या समाजाचं हिब्रू एका काळी जवळजवळ विसरलं गेलं होतं. तोंडात राहिली ती शमा. लग्न असो, सुंता असो, प्रत्येक प्रसंगी तीच म्हणत. मग एकोणिसाव्या शतकात हिब्रू परत आलं ते मराठीचा हात धरून. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, हगादा, हिब्रू-मराठी अशी निघाली. जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. या सगळ्यांत मराठी समजण्यासाठी, हिब्रू म्हणण्यासाठी. इथे ‘अनुवाद आला म्हणजे मूळ भाषा गेली’ हा समज उलटा ठरतो: मराठीमुळेच हिब्रू टिकली.

ख्रिस्ती बाजू मुळापासून वेगळी आहे. येशू अरामी बोलत असे, आणि त्याने शिकवलेली प्रार्थना आपल्यापर्यंत ग्रीकमध्ये आली. म्हणजे पहिलीच लेखी प्रत हा अनुवाद आहे. शिवाय ती दोन रूपांत आहे, मत्तयात (६:९–१३) मोठी, लूकमध्ये (११:२–४) आखूड. ज्या धर्माच्या मुख्य प्रार्थनेचे मूळ उच्चार जपलेले नाहीत, त्याला नाद पवित्र मानून पुढे जाता आलं नाही. तरीही रोमन चर्चने शेकडो वर्षं मिस्सा लॅटिनमध्ये चालवली. फादर स्टीफन्स यांनी ओवीछंदात रचलेलं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्याकडे छापलं गेलं, पण ते शिकवण्यासाठी, वेदीवर लॅटिनच. ते बदललं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक घोषणेनंतर. प्रॉटेस्टंटांनी लोकांना न कळणाऱ्या भाषेतली उपासना सोळाव्या शतकातच नाकारली होती. आपल्याकडे ख्रिस्ती झालेल्या नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, तिथे पहिल्यापासून मराठी.

मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. अनुवादही काही काळाने बांधला जातो. कुठल्याही मराठी मंडळीत प्रभूची प्रार्थना सुरू करा, सगळे एका सुरात म्हणतील: “हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो. तुझे राज्य येवो.” पुढे ऋण्यांस ऋण सोडल्याची ओळ येते. आज रोजच्या बोलण्यात ‘ऋण्यांस’ कुणी म्हणत नाही, तरी ती बदलून म्हणा म्हटलं तर लोक अडखळतील, नाराजही होतील. लगेच पुढची घरगुती प्रार्थना मात्र पूर्ण मोकळी: मुलाची परीक्षा, पाऊस, आजारपण. तीसुद्धा ‘येशूच्या नावाने मागतो, आमेन’ या ठरलेल्या शब्दांवर येऊन थांबते. म्हणजे ख्रिस्ती प्रार्थना ‘मोकळी’ आहे हे विधानही अर्धवटच.

ज्याला भाषा येत नाही त्याचं काय, यावर तिघांचे तोडगे मुलांना जरूर दाखवा. हनफी रीतीत इमामाच्या मागे उभा असलेला गप्प राहतो. इमामाचं वाचन त्याच्याही वाट्याचं धरलं जातं. सिनेगॉगमध्ये सगळे तेफिला आधी हळू म्हणतात, मग सकाळी आणि दुपारी हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, ती मोठ्याने पुन्हा म्हणतो. ही आवृत्ती मुळात न येणाऱ्यांसाठीच ठेवलेली. त्यांनी प्रत्येक आशीर्वचनाला आमेन म्हटलं की झालं. ख्रिस्ती तोडगा एकच, भाषा बदला.

आता कोणता मजकूर कशाशेजारी ठेवायचा. इथे हमखास चूक होते: शमा, फातिहा आणि प्रभूची प्रार्थना असं त्रिकूट लावतात. शमा हे देवाकडे मागणं नव्हेच. “ऐक, इस्राएला” असं लोकांना उद्देशून आहे, आणि तोरातले तीन उतारे जोडून ते तयार झालं आहे (‘अनुवाद’ या पुस्तकाचे अध्याय ६ आणि ११, ‘गणना’ या पुस्तकाचा अध्याय १५). त्यात मागण्याचं एकही वाक्य सापडणार नाही. फातिहाशेजारी तेफिला ठेवा: नाव ‘अठरा’ पण आशीर्वचनं १९, पहिली तीन स्तुतीची, मधली तेरा मागण्याची, शेवटची तीन आभाराची. फातिहाचा बांधाही आधी स्तुती, मग मागणं असाच आहे. प्रभूच्या प्रार्थनेशेजारी कद्दिश ठेवा. “त्याचं थोर नाव मोठं आणि पवित्र मानलं जावो, त्याचं राज्य तो स्थापो” अशी कद्दिशची सुरुवात, आणि “तुझे नाव पवित्र मानले जावो, तुझे राज्य येवो” अशी दुसरीची. दोन्हीत तीच जोडी, त्याच क्रमाने. फरक ‘त्याचं’ आणि ‘तुझं’ एवढाच. दिदखे या जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितली आहे, ज्यूंच्या तीन वेळांशी जुळणारी.

हा ‘तो’ आणि ‘तू’चा मामला ओळीओळीने तपासा, व्याकरणाच्या तासाला याहून चांगलं उदाहरण मिळायचं नाही. फातिहा ‘तो’ने सुरू होते: स्तुती अल्लाहची, जो सर्व जगांचा पालनकर्ता. मधल्या आयतीत, म्हणजे ओळीत, एकदम वळते: आम्ही तुझीच भक्ती करतो, तुझ्याकडेच मदत मागतो. (बिस्मिल्ला मोजली तर ही पाचवी आयत, हनफींप्रमाणे न मोजली तर चौथी. प्रतींत क्रमांक वेगळे दिसले तर गोंधळू नका.) ज्यू आशीर्वचन उलट्या दिशेने जातं: “धन्य तू, हे प्रभू, आमच्या देवा” अशी सुरुवात, आणि पुढे “ज्याने आपल्या आज्ञांनी आम्हाला पवित्र केलं”. तिथे ‘तू’चा ‘तो’ होतो. अनुवादक हे वाक्य नीटनेटकं करायला जातात आणि दोन्ही वळणं पुसून टाकतात. तुमच्या प्रतीत ती तशीच ठेवा, वाक्य खडबडीत झालं तरी चालेल.

तिन्ही प्रार्थना एकट्याने म्हटल्या तरी अनेकवचनात असतात. आणि इथे मराठीला एक निर्णय घ्यावा लागतो जो अरबी, हिब्रू किंवा ग्रीकला घ्यावा लागत नाही: ‘आम्ही’ की ‘आपण’? देवाशी बोलताना ‘आम्ही’च हवं, कारण ‘आपण’ म्हटलं की देवही मागणाऱ्यांत जमा होतो. फातिहात ‘आम्हाला सरळ वाट दाखव’, तेफिलात ‘आम्हाला क्षमा कर’, प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर’. शमामध्ये मात्र ऐकणारेही इस्राएलच आणि सांगणारा त्यांच्यातलाच, म्हणून तिथे ‘आपला देव’ बरोबर. शमा ही मागणी नव्हे याचा पुरावा मराठी सर्वनामच देतं.

शेवटी देवनागरी लिप्यंतर. जपून. मराठी छपाईत नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब, सहसा वापरत नाहीत आणि त्यामुळे अरबीची निम्मी अक्षरं एकमेकांत मिसळतात. नरम आणि घशातला असे दोन ह, दोन-तीन स, ऐन आणि अलिफ, क आणि क़. ‘क़ल्ब’ म्हणजे काळीज, ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. ‘क़ुल’ म्हणजे सांग, ‘कुल’ म्हणजे खा. मराठवाड्यात आणखी एक अडचण आहे: दखनी बोलीत क़ चा ख़ होतो, क़लमचं ख़लम. तीच जीभ फातिहाला लागली की ‘मुस्तक़ीम’चं ‘मुस्तख़ीम’ होतं. मकतबमधले उस्ताद याच अक्षरावर मुलांना पुन्हा पुन्हा थांबवतात. हिब्रूतही असाच धोका आहे. शमाच्या पहिल्या ओळीचा शेवटचा शब्द ‘एखाद’, म्हणजे एक. त्यातलं शेवटचं अक्षर दालेत. दालेत आणि रेश ही अक्षरं दिसायला इतकी सारखी आहेत की दालेतचा कोपरा गोल झाला तर ‘अखेर’, म्हणजे दुसरा, असं वाचलं जाईल. तोराच्या गुंडाळीत हे दालेत मुद्दाम मोठं लिहितात आणि म्हणतानाही त्यावर थांबतात.

म्हणून तक्ता चार रकान्यांचा करा: मूळ लिपी, नुक्त्यांसह देवनागरी, शब्दाला शब्द, आणि वाचनीय मराठी. लिप्यंतरावरून कुणाला पठण करायला लावू नका. फातिहा येणारा विद्यार्थी वर्गात असेल, त्याची तयारी असेल तर त्याने वाचावी, नाहीतर अर्थ वाचा. पठणानंतर टाळ्या नकोत. कद्दिश वर्गात म्हणू नका, फक्त वाचून समजावा. देवाच्या नावाच्या जागी अभ्यासात ज्यू लोक ‘हाशेम’ म्हणतात, तेच वापरा. आणि छापील कागदांचं आधीच ठरवा. अरबी आयती किंवा हिब्रू देवनाम असलेला कागद मुलांच्या पायाखाली, केराच्या टोपलीत किंवा भेळेच्या पुड्यात जाता कामा नये. ज्यू असे कागद गेनिझात, म्हणजे त्यासाठीच राखलेल्या जागेत, ठेवून नंतर पुरतात, मुसलमानही ते वेगळे काढून ठेवतात. मूळ लिपीचा रकाना फळ्यावर किंवा पडद्यावर दाखवा, वाटायच्या प्रतीत फक्त मराठीचे दोन रकाने ठेवा, आणि त्या मराठीतही आयतीचा अर्थ आहे हे लक्षात ठेवून तासानंतर प्रती मोजून परत घ्या.